केळ्याचे डोनट बाइट्स एअर फ्रायरमध्ये: तळणीचं पीठ इथे का चालत नाही?

परसातल्या केळीचा घड उतरवला की पहिले काही दिवस सगळे वाट बघतात. मग एका आठवड्यात सगळ्या फण्या एकदम पिकतात. घरात खाणारी माणसं चार, केळी साठ-सत्तर. शेजारी वाटून झाली, शिकरण झालं, तरी सालीवर काळे ठिपके पडलेली डझनभर केळी उरतातच. शहापूर तालुक्यातल्या डोळखांबला परसातली केळ असो की शहरातल्या फ्लॅटमध्ये बाजारातून आणलेलं एक डझन असो, शेवटच्या चार-पाच केळ्यांचं काय करायचं हा प्रश्न सगळीकडे सारखाच आहे.

सध्या मोबाइलवर याचं एक उत्तर सारखं फिरतं: एअर फ्रायरमधले केळ्याचे डोनट बाइट्स. व्हिडिओत ते अर्ध्या मिनिटात होतात. घरी केले की मात्र पीठ जाळीतून गळतं, बाहेरून करपतं, आतून गिच्च राहतं. यात दोष बहुतेक वेळा हाताचा नसून पिठाचा असतो. तळणीसाठी भिजवलेलं पीठ एअर फ्रायरमध्ये चालत नाही. ते का चालत नाही, काय बदलायचं आणि यंत्र लावण्याआधी घरातल्या विजेच्या बोर्डाकडे का बघायचं, ते इथे समजून घेऊ.

थोडक्यात

• एअर फ्रायर तळत नाही, गरम हवेने भाजतो. म्हणून पीठ भज्यांपेक्षा बरंच घट्ट हवं.
• केळी पूर्ण पिकलेली, सालीवर भरपूर ठिपके आलेली घ्यावीत. गूळ कमी लागतो.
• १७० अंश सेल्सिअसवर १० ते १२ मिनिटं, मध्ये एकदा उलटून.
• यंत्र मोठ्या, १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावावं.
• एअर फ्रायर नसेल तर हेच पीठ आप्पेपात्रात उत्तम होतं.

डोनट बाइट्स म्हणजे नेमकं काय?

डोनट म्हणजे मैद्याच्या गोड पिठाचं तळलेलं कडं. मधलं छिद्र केवळ शोभेचं नाही. जाड गोळा तळला तर कडा लाल होतात आणि मधला भाग कच्चा राहतो. मधला भागच काढून टाकला की ती अडचण संपते. बाइट्समध्ये हाच प्रश्न दुसऱ्या वाटेने सुटतो. गोळा इतका लहान करायचा की उष्णता मध्यापर्यंत सहज पोहोचेल. म्हणून बाइट्सना छिद्र नसतं.

आपल्या स्वयंपाकघराला हा प्रकार नवा नाही. पिकलेलं केळं कुस्करून, त्यात गूळ आणि कणीक किंवा तांदळाचं पीठ घालून तळलेले छोटे गोल म्हणजे केळ्याचे उंबर. रंगाने आणि आकाराने ते पिकलेल्या उंबरासारखे दिसतात. केळं न घालता कणीक आणि गुळाचे केले की ते गुलगुले. गोव्यात आणि कारवारकडे न्याहारीला भाजीबरोबर मिळणाऱ्या बन्समध्येही पिकलेलं केळं आणि दही असतं, फक्त ते पुरीसारखे लाटून तळतात. म्हणजे केळ्याचे डोनट बाइट्स हे उंबराचेच भाईबंद. फरक एवढाच की वरून साखर-दालचिनीचा थर येतो आणि तेलाची कढई जाते.

पण कढई गेली की पाककृतीही बदलावी लागते.

एअर फ्रायर काय करतो?

फिलिप्स कंपनीने २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात एअरफ्रायर पहिल्यांदा आणला आणि पुढे हे नाव सगळ्याच कंपन्यांच्या अशा यंत्रांना चिकटलं. नावात ‘फ्रायर’ असलं तरी आत तळणं होत नाही. वर एक तापणारी कॉइल असते आणि तिच्या मागे जोरात फिरणारा पंखा. पंखा गरम हवा पदार्थाभोवती फिरवत राहतो. म्हणजे ती एक लहान, वेगवान भट्टीच आहे.

तेल आणि हवा यांत मोठा फरक आहे. १८० अंशाच्या भट्टीत क्षणभर हात घालून ट्रे बाहेर काढता येतो. १८० अंशाच्या तेलाचा एक थेंब उडाला तरी फोड येतो. दोन्हींचं तापमान सारखंच, पण तेल उष्णता फार झपाट्याने देतं, हवा सावकाश देते. याचे तीन परिणाम होतात.

पहिला: कढईत सैल पीठ पडताच त्याचं बाहेरचं कवच एका क्षणात बांधलं जातं आणि गोळा आकार धरतो. हवेत कवच धरायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात सैल पीठ पसरतं आणि जाळीतून गळतं.

दुसरा: तळणीत गोळा तेलात तरंगतो, त्यामुळे सगळीकडून सारखा फुलतो. एअर फ्रायरमध्ये तो एका बाजूवर बसलेला असतो. म्हणून मध्ये उलटावा लागतो.

तिसरा: फिरती हवा पृष्ठभागावरचं पाणी उडवून नेते. तुपाचा हात फिरवला नाही तर गोळा कुरकुरीत न होता कोरडा आणि पिठूळ दिसतो.

थोडक्यात, पीठ घट्ट, गोळा लहान आणि वर थोडं तूप. या तीन गोष्टी सांभाळल्या की निम्मं काम झालं.

केळं कोणतं आणि किती पिकलेलं?

कच्च्या केळ्याच्या गरात साधारण पाचवा भाग पिष्ट असतं. केळं पिकत जातं तसं या पिष्टाची साखर होते. म्हणून हिरवट केळं तुरट आणि चिकट लागतं, तर ठिपकेवालं केळं मधासारखं गोड. डोनट बाइट्ससाठी ठिपकेवालंच हवं. साल पूर्ण काळी झाली असली तरी आतला गर पांढरट-पिवळा आणि वास गोड असेल तर चालतं. आंबूस, दारूसारखा वास आला, पाणी सुटलं किंवा देठाशी बुरशी दिसली तर ते केळं टाकून द्यावं.

बाजारात मिळणारी मोठी केळी बहुधा ग्रँड नैन, म्हणजे जी-नाइन जातीची असतात. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यातून ती राज्यभर जातात. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. लहान वेलची केळी जास्त सुवासिक असतात, तीही छान लागतात. वसई भागातल्या राजेळीचा गर मात्र घट्ट असतो. ती सुकेळी करायला उत्तम, पण इथे सहज कुस्करली जात नाही.

केळ्यांचा आकार इतका वेगवेगळा असतो की ‘दोन केळी’ या मापाला अर्थ नाही. शक्य असेल तर सोललेला गर मोजून २०० ग्रॅम घ्यावा. हा गर साधारण दोन मध्यम जी-नाइन किंवा पाच-सहा वेलची केळ्यांचा होतो.

साहित्य (१६ ते १८ नग)

• पिकलेल्या केळ्याचा गर: २०० ग्रॅम
• कणीक: १७५ ग्रॅम (१५० मिलीच्या वाटीने साधारण २ वाट्या)
• बारीक रवा: २ मोठे चमचे
• किसलेला गूळ: ३ मोठे चमचे (साधारण ४० ग्रॅम)
• घट्ट दही: २ मोठे चमचे
• पातळ केलेलं तूप: १ मोठा चमचा पिठात, १ मोठा चमचा वरून लावायला
• बेकिंग पावडर: १ छोटा चमचा
• खाण्याचा सोडा: पाव छोटा चमचा
• वेलची पूड: अर्धा छोटा चमचा
• मीठ: चिमूटभर
• वरून घोळवायला: २ मोठे चमचे पिठीसाखर आणि पाव चमचा दालचिनी पूड

मोठा चमचा म्हणजे १५ मिली, छोटा म्हणजे ५ मिली.

नागली घरची असेल तर कणकेतली ५० ग्रॅम काढून तेवढं नागलीचं पीठ घालता येतं. रंग गडद येतो आणि चव खमंग लागते. सगळंच नागलीचं मात्र घेऊ नये. नागलीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे गोळे भुगा होतात.

कृती

१. केळ्याचा गर काट्याने किंवा हाताने कुस्करा. मिक्सरला लावू नका, फार पातळ होतो. त्यात गूळ घालून पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. गुळाचा खडा राहिला तर तो गरम हवेत जळतो आणि कडू लागतो.

२. दही, एक चमचा तूप, वेलची आणि मीठ घाला. मग कणीक आणि रवा घालून हलक्या हाताने एकत्र करा. कणीक मळायची नाही, कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. जास्त मळलं तर गोळे रबरासारखे होतात.

३. झाकून १५ मिनिटं ठेवा. या वेळात रवा आणि कणकेतला कोंडा पाणी शोषतात आणि पीठ आपोआप घट्ट होतं.

४. आता बेकिंग पावडर आणि सोडा चाळून घाला आणि पटकन मिसळा. हे आधी घालायचं नाही. सोड्याला दही मिळालं की लगेच वायू सुटायला लागतो, पीठ ठेवून दिलं तर तो उडून जातो.

५. पीठ तपासा. चमच्याने उचलून उलटा केला तर पीठ लगेच पडू नये, गोळा होऊन सावकाश सुटावा. ओघळत असेल तर एक-दोन चमचे कणीक घाला. फार घट्ट वाटलं तर चमचाभर दही.

६. एअर फ्रायर १७० अंशांवर ३ मिनिटं रिकामा तापवा.

७. हाताला तूप लावून लहान लिंबाएवढे गोळे करा. बास्केटमध्ये छिद्रांचा बेकिंग कागद किंवा केळीच्या ताज्या पानाचे छोटे तुकडे ठेवून त्यावर गोळे मांडा. कोकणात पानगी केळीच्या पानात भाजतात, तीच युक्ती इथे कामाला येते. तुपाचा हात लावलेल्या पानाला पीठ चिकटत नाही आणि सुगंधही येतो. दोन गोळ्यांत बोटभर अंतर ठेवा. हवा फिरायला जागा हवी.

८. वरून तूप लावा आणि ७ मिनिटं भाजा. मग उलटून आणखी ३ ते ५ मिनिटं. रंग सोनेरी-तपकिरी झाला की मध्ये काडी टोचून बघा. ओलं पीठ चिकटलं नाही म्हणजे झालं.

९. दोन मिनिटं थांबून, गोळे कोमट असतानाच पिठीसाखर-दालचिनीत घोळवा. फार गरम असताना घोळवलं तर साखर विरघळते, गार झाल्यावर चिकटत नाही.

कुठे बिघडतं?

बाहेरून करपलं, आतून कच्चं: तापमान जास्त किंवा गोळे मोठे. केळं आणि गूळ दोन्हींत साखर, त्यामुळे हे पीठ साध्या पिठापेक्षा लवकर लाल होतं. १६० अंशांवर दोन मिनिटं जास्त ठेवा.

खाली पसरून चपटे झाले: पीठ सैल. केळी जास्त पिकलेली असली की पाणी जास्त सुटतं, तेव्हा कणीक थोडी वाढवा.

साबणासारखी चव, फार काळपट रंग: सोडा जास्त. पाव चमचा म्हणजे सपाट पाव चमचा.

गार झाल्यावर दगड: कणीक मळली गेली, किंवा भाजणं लांबलं. गार झालेले गोळे १५० अंशांवर दोन मिनिटं गरम केले की पुन्हा मऊ होतात.

कागद जळाला: हे सगळ्यात धोक्याचं. रिकाम्या बास्केटमध्ये कागद ठेवून यंत्र तापवलं तर पंख्याच्या वाऱ्याने कागद उडून वरच्या लाल कॉइलला लागतो आणि पेट घेतो. कागद किंवा पान नेहमी तापवून झाल्यावर आणि पदार्थाचं वजन ठेवूनच आत घालावं. कागद गोळ्यांच्या बाहेर लोंबता नको. वर्तमानपत्राचा कागद तर अजिबात वापरू नये.

आधी बोर्डाकडे बघा

पाककृतीच्या व्हिडिओत हा भाग सहसा नसतो, पण घरासाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

घरगुती एअर फ्रायर साधारण १२०० ते १७०० वॉटचे असतात. १५०० वॉटचं यंत्र २३० व्होल्टवर सुमारे साडेसहा अँपिअर वीज ओढतं. आपल्याकडे पंखा, टीव्ही, मोबाइल चार्जर लावायचं लहान सॉकेट असतं ६ अँपिअरचं. म्हणजे हे यंत्र लहान सॉकेटच्या ताकदीबाहेरचं आहे. म्हणूनच त्याची पिन जाड असते आणि ती लहान सॉकेटमध्ये बसत नाही. पिन बसावी म्हणून स्वस्त अडॅप्टर किंवा एक्स्टेंशन बोर्ड लावला की वायर तापते, प्लास्टिक वितळतं आणि आग लागू शकते. सॉकेट १६ अँपिअरचं, अर्थिंग चालू असलेलं आणि त्यामागची वायरही तेवढ्या जाडीची हवी. जुन्या घरात किंवा एकाच वायरवर वाढवत नेलेल्या जोडणीत आधी वायरमनला दाखवून घ्यावं. त्याच सॉकेटवर मिक्सर, इस्त्री, गिझर एकत्र लावू नये.

दुसरी गोष्ट विजेच्या दाबाची. गावाकडे संध्याकाळी दिवे मंद होतात, पंखा सावकाश फिरतो, हे नवीन नाही. तापणाऱ्या कॉइलवर याचा परिणाम वाटतो त्यापेक्षा जास्त होतो. दाब २३० वरून १८० व्होल्टवर आला तर तो साधारण पाचव्या भागाने कमी झाला. पण कॉइलची उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणून ती जवळपास ४० टक्क्यांनी कमी होते. १५०० वॉटचं यंत्र तेव्हा ९०० वॉटच्या आसपासचं काम करतं. अशा वेळी ‘१२ मिनिटं’ या आकड्याला अर्थ राहत नाही. घड्याळाऐवजी रंग आणि काडी बघून ठरवावं. जमलं तर दुपारी, दाब चांगला असताना करावं.

वीज मध्येच गेली तर? घरगुती लहान इन्व्हर्टरवर एअर फ्रायर लावू नये, त्याला तो भार झेपत नाही. अर्धे भाजलेले गोळे काढून तव्यावर तुपाच्या थेंबात, झाकण ठेवून, मंद आचेवर पूर्ण करावेत. सोडा घातलेलं कच्चं पीठ मात्र वीज येईपर्यंत ठेवू नये.

खर्च किती? १५०० वॉटचं यंत्र सलग १५ मिनिटं चालवलं तर जास्तीत जास्त ०.३७५ युनिट, म्हणजे अर्ध्या युनिटपेक्षाही कमी वीज लागते. दोन खेपा झाल्या तरी पाऊण युनिट.

एअर फ्रायर नसेल तर?

फक्त या पदार्थासाठी काही हजारांचं यंत्र घ्यायची गरज नाही. आप्पेपात्र हे या पिठासाठी तितकंच चांगलं साधन आहे, आणि त्याला वीज लागत नाही. पिठात दोन चमचे पाणी घालून ते किंचित सैल करा. आप्पेपात्र मंद आचेवर तापवून प्रत्येक खळग्यात तुपाचे दोन-तीन थेंब सोडा, खळगा पाऊण भरेल एवढं पीठ घाला, झाकण ठेवा. तीन-चार मिनिटांनी काडीने उलटा आणि दुसरी बाजू तेवढीच भाजा. खळग्यामुळे आकार आपोआप गोल येतो, गळण्याचा प्रश्नच नाही. चुलीवर करायचं असेल तर जाळ ओढून निखाऱ्यावर करावं, मोठ्या जाळावर गुळाचं पीठ तळाला लगेच लागतं.

तळलेलं नाही, म्हणजे पौष्टिक?

अर्धंच खरं. तळणीचं तेल वाचतं, हा फायदा नक्की आहे. उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवण्याची वेळ येत नाही, हा त्याहून मोठा फायदा. पण गूळ, साखर आणि पीठ तेवढंच राहतं. गूळ साखरेपेक्षा वेगळा लागतो, तरी शरीराच्या हिशेबात तीही साखरच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार रोजच्या ऊर्जेपैकी वरून घातलेल्या साखरेचा वाटा १० टक्क्यांपेक्षा कमी असावा, ५ टक्क्यांच्या खाली असेल तर आणखी चांगलं. त्यामुळे ‘तेल नाही’ म्हणून मुलाने दहा खावेत असं नाही. मधुमेह असलेल्यांनी हा गोड पदार्थच समजावा.

वरची साखर पूर्ण वगळली तरी चव जात नाही, कारण गोडवा मुख्यतः केळ्याचा आहे. आणि रंग सोनेरीच ठेवावा. पिष्टाचे पदार्थ जास्त तापमानावर फार लाल-काळे भाजले की त्यात अ‍ॅक्रिलमाइड नावाचं नको असलेलं रसायन वाढतं. तळणी असो की एअर फ्रायर, हा नियम दोन्हीकडे सारखा.

नेहमीचे प्रश्न

अंडं लागतं का? नाही. केळ्याचा गर आणि दही मिळून पीठ बांधून ठेवतात.

मैदा घेतला तर? चालतो. गोळे हलके होतात, पण मैदा कणकेपेक्षा कमी पाणी शोषतो, म्हणून १५-२० ग्रॅम जास्त लागतो.

डब्यात टिकतात का? त्याच दिवशी खाल्लेले चांगले. केळ्यामुळे ओलावा राहतो, उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी खराब होऊ शकतात. फ्रिजमध्ये दोन दिवस राहतात.

सगळी केळी आज वापरायची नसतील तर? सोलून, कुस्करून, २०० ग्रॅमच्या मापाने डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवा. पाणी सुटलं तर ते न काढता ढवळून घ्या, त्यातच गोडी असते.

साली? शेळीपुढे टाका किंवा केळीच्याच बुंध्याशी पुरा. पुढच्या घडाला खत होईल.